बिस्त्रोचा साधेपणा कुणाचा?

युरोपीय कादंबरी शिकवताना 'बिस्त्रो' हा शब्द आला, की आम्ही वर्गात हमखास एक गोष्ट सांगत असू. १८१४ साली नेपोलियनचा पाडाव झाला आणि रशियाचे सैन्य पॅरिसमध्ये शिरले. कोसॅक शिपायांना गुत्त्यात रेंगाळण्याची मुभा नव्हती, म्हणून ते मोंमार्त्रच्या टेकडीवरच्या दुकानात घुसून 'बिस्त्रो, बिस्त्रो' म्हणजे रशियन भाषेत 'लवकर, लवकर' असा धोशा लावीत. त्यावरून अशा छोट्या, झटपट खाण्यापिण्याच्या जागांना ते नाव पडले. विद्यार्थी हसत, वहीत लिहून घेत, आणि कादंबरी विसरली तरी ही गोष्ट त्यांच्या लक्षात राही. मोंमार्त्रमधल्या प्लास द्यु तेर्त्र या चौकात 'ला मेर कात्रीन' नावाच्या उपाहारगृहाच्या भिंतीवर तशी पाटीच लावलेली आहे, तारखेसह: ३० मार्च १८१४. भिंतीवरच्या पाटीवर अविश्वास कोण दाखवणार?

दाखवायला हवा होता. १८८४ च्या आधी छापील फ्रेंचमध्ये हा शब्द सापडत नाही. म्हणजे मधली सत्तर वर्षे तो कुणाच्याही लेखणीतून उतरला नाही. याच सत्तर वर्षांत बाल्झॅक होऊन गेला. चोरांची, सावकारांची, विद्यार्थ्यांची बोली टिपून ठेवण्याचे ज्याला वेडच होते, त्याच्या कानावर पॅरिसच्या गल्लीबोळांत रुळलेला शब्द पडला नसेल, हे पटण्यासारखे नाही. कोशकार 'बिस्त्रो'चा संबंध फ्रान्समधल्याच प्रादेशिक बोलींशी जोडून पाहतात: कुणी दारूविक्याच्या हरकाम्याला लावल्या जाणाऱ्या 'बिस्त्रो' या प्वातूच्या बोलीतल्या शब्दाशी, तर कुणी हलक्या प्रतीच्या मद्याच्या 'बिस्तुय' या नावाशी. एकमत नाही. कोसॅक मात्र त्या यादीत टिकत नाहीत.

आम्ही ही चूक इथे उगाळतो आहोत ती केवळ प्रायश्चित्त म्हणून नाही. आज न्यूयॉर्कपासून टोकियोपर्यंत कुठल्याही महानगरात 'आधुनिक फ्रेंच बिस्त्रो' म्हणून जी जागा ओळखली जाते, तिचे रूप ठरलेले आहे: टेबलावर चादर नाही, पदार्थांची यादी खडूने फळ्यावर लिहिलेली, वाढणाऱ्याच्या गळ्यात बो नाही, खुर्च्या जवळजवळ, आवाज मोठा, आणि स्वयंपाक मात्र अव्वल. या मोकळेपणाविषयी एक समज पक्का आहे, की तो फार जुना आहे, सामान्य माणसांचा आहे आणि श्रीमंती उपाहारगृहांचा थाट हा त्याच्यावर नंतर चढलेला मुलामा आहे. कोसॅकांची गोष्ट याच समजाला खतपाणी घालते. इतिहास वाचत गेल्यावर मात्र आम्हाला क्रम जवळजवळ उलटा दिसू लागला.

मुळात उपाहारगृहाचा उगमच एका दुसऱ्या लाडक्या गोष्टीने झाकलेला आहे. १७६५ साली बुलाँजे नावाच्या गृहस्थाने पॅरिसमध्ये मेंढीचे पाय सॉसमध्ये घालून विकले, शिजवलेले अन्न विकण्याचा मक्ता असलेल्या संघाने त्याच्यावर दावा लावला, तो जिंकला आणि पहिले रेस्तराँ जन्मले, असे पाठ्यपुस्तके सांगतात. एकटा माणूस, मक्तेदार संघ आणि न्यायालयात स्वातंत्र्याचा विजय: क्रांतीची रंगीत तालीमच म्हणा ना. इतिहासकार रेबेका स्पँग यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की या खटल्याचा दफ्तरांत कुठेच पुरावा नाही. त्यांना सापडला तो वेगळाच मनुष्य: मातुरँ रोझ द शाँत्वाझो. राष्ट्राचे कर्ज फेडण्याच्या योजना आखणारा हा उद्योगी गृहस्थ १७६६ साली पॅरिसमध्ये 'रेस्तोरातर' झाला. १७६९ मध्ये त्याने शहरातल्या व्यापाऱ्यांचा आणि कारागिरांचा पत्तेकोश छापला आणि त्यात पहिला रेस्तोरातर म्हणून स्वतःचीच भलामण करून घेतली. लेखक, प्रकाशक आणि स्तुतिपाठक तिन्ही एकच. (ही परंपरा वाङ्मयात आजही खंडित झालेली नाही. असो.)

'रेस्तोराँ' हे आधी जागेचे नाव नव्हतेच. ते एका पदार्थाचे नाव होते. ताकद भरून आणणारा, तासन्‌तास आटवलेला मांसाचा रस म्हणजे 'रेस्तोराँ'. नाजूक छातीच्या, अशक्त प्रकृतीच्या लोकांनी यावे आणि हा रस घोट घोट प्यावा, अशी ती सोय होती. दिदरोने १७६७ च्या एका पत्रात अशा जागेचे वर्णन केले आहे. तिथे चांगले वाढतात, थोडे महाग पडते, पण आपल्याला हव्या त्या वेळी जेवता येते, आणि प्रत्येकाला आपापल्या छोट्या खोलीत एकट्याने बसता येते, याचे त्याला विशेष कौतुक वाटले. याचे महत्त्व कळायला त्याआधीची सोय ठाऊक हवी. तिला 'ताब्ल दोत' म्हणत: ठरलेली वेळ, ठरलेला दर, एकच लांब टेबल, समोर येईल ते अन्न. आपल्याकडच्या खानावळीची आणि पंगतीची सांगड घालून पाहावी, म्हणजे कल्पना येईल. मेर्सिएने १७८० च्या दशकातल्या आपल्या पॅरिसवर्णनात तक्रार केली आहे, की अशा टेबलाच्या मध्यभागी, जिथे मोठी ताटे येतात, तिथे नेहमीचे भिडू ठाण मांडून बसतात आणि नवख्याच्या वाट्याला रिकामी भांडी येतात.

तेव्हा आधुनिक उपाहारगृहाचा पहिला गुण मोकळेपणा हा नव्हता. एकांत हा होता. आपले टेबल, आपली वेळ, आपली निवड, आपले बिल. पंगतीतून सुटका करून घेण्यासाठी माणसे जास्त पैसे मोजत होती. छापील यादी, जिच्यावर प्रत्येक पदार्थापुढे किंमत लिहिलेली असते, ती याच सुटकेचे साधन. आणि ती वाचायची कशी हे सांगणारा वाचकांचा मार्गदर्शकही लवकरच अवतरला: ग्रिमो द ला रेनिएरचे 'आल्मनाक दे गुर्माँ' १८०३ पासून १८१२ पर्यंत आठ खंडांत निघाले. नाट्यसमीक्षक असलेल्या या माणसाने खाद्यपदार्थांसाठी परीक्षक मंडळ भरवले. दुकानदार आपला माल त्या मंडळाकडे चाखायला पाठवीत, आणि लगोलग पक्षपाताचे आरोपही सुरू झाले. उपाहारगृह आणि त्याची समीक्षा ही जोडी तेव्हापासूनची आहे. पुढे 'बिस्त्रोनोमी'कडे वळू तेव्हा हे ध्यानात ठेवावे लागेल.

मग सामान्य माणूस जेवत होता कुठे? 'इल्यूझियाँ पेर्द्यू' या बाल्झॅकच्या कादंबरीत त्याचे उत्तर आहे, आणि आमच्या मते त्या कादंबरीतली ती पाने कुठल्याही समाजशास्त्रीय अहवालाला भारी पडतील. अंगुलेमहून कवी व्हायला आलेला लूसियाँ पहिल्याच दिवसांत पाले रोयालमधल्या थाटाच्या उपाहारगृहात एका जेवणावर पन्नास फ्रँक उडवतो. घरी या पैशांत महिना निघाला असता, हे त्याला नंतर उमजते. मग तो उतरतो तो सोरबोनच्या चौकातल्या फ्लिकोतोकडे. ही जागा काल्पनिक नव्हे; लॅटिन क्वार्टरच्या पिढ्यान्‌पिढ्या तिथे पोसल्या गेल्या. तीन पदार्थ आणि छोटा चंबूभर वाइन मिळून अठरा सू, बाटली घेतली तर बावीस. पाव हवा तितका. बटाटा बारमाही. आणि बाल्झॅक एक निरीक्षण नोंदवतो, ज्यावर आम्ही अनेकदा थांबलो आहोत: ही मेजवानीची जागा नाही, हे अवजारांनी भरलेले कारखान्याचे दालन आहे, माणसे येतात, कामासारखे जेवतात आणि लगबगीने निघून जातात. गप्पा नाहीत, रेंगाळणे नाही. लूसियाँला तिथे दोन माणसे भेटतात, लेखनावर निष्ठा ठेवून उपाशी राहणारा दार्तेझ आणि लेखणी विकणारा लूस्तो. त्याच्या पुढच्या सगळ्या नैतिक पडझडीची बीजे या अठरा सूंच्या जेवणाच्या जागी पेरली जातात. पण आमचा मुद्दा त्याहून लहान आहे. स्वस्त टेबल हे सैल टेबल नव्हते.

पुढच्या पिढीत ही गोष्ट आणखी ठळक झाली. द्युव्हाल नावाच्या एका खाटकाकडे श्रीमंत गिऱ्हाइके उत्तम मांस नेत आणि बाकीचे भाग पडून राहत. त्या भागांचा रस्सा आणि उकडलेले गोमांस मजुरांना स्वस्तात विकावे, अशी कल्पना त्याने १८५० च्या दशकाच्या मध्यावर अमलात आणली. रश्श्याला फ्रेंचमध्ये 'बुयों' म्हणतात; तेच या जागांचे नाव झाले. शंभर वर्षांपूर्वी नाजूक प्रकृतीच्या लोकांसाठी महागात विकला जाणारा मांसरस अशा रीतीने मजुराच्या वाटीत आला. द्युव्हालची खरी करामत मात्र पाकशास्त्रात नव्हती, व्यवस्थेत होती. एकाच मालकाच्या अनेक शाखा, सर्वत्र तेच दर, पांढऱ्या टोप्या घातलेल्या वाढपिणी, दारात शिरताच हातात दिलेला छापील कागद, त्यावर घेतलेल्या प्रत्येक जिन्नसापुढे खूण, आणि निघताना त्या खुणांची बेरीज. आजच्या साखळी उपाहारगृहांचे बहुतेक सगळे गुणदोष त्यात आहेत. १८६७ पर्यंत त्याची रीतसर कंपनी झाली होती.

या स्वस्त जागांतल्या एकटेपणाची कादंबरिका ह्युइसमान्सने १८८२ मध्ये लिहिली: 'आ व्हो-लो'. तिचा नायक फोलाँतँ हा मंत्रालयातला कारकून, अविवाहित, पायाने अधू. त्याची महत्त्वाकांक्षा एवढीच, की संध्याकाळी बरे जेवण मिळावे. तो एका खाणावळीतून दुसऱ्या खाणावळीत फिरतो, पंगतीला बसून पाहतो, घरी डबा मागवून पाहतो, आणि प्रत्येक ठिकाणी चिवट मांस, आंबट वाइन आणि परकेपणा त्याच्या वाट्याला येतो. कथानक म्हणावे असे काही नाही. विद्यार्थ्यांना ती कंटाळवाणी वाटते; चाळिशी उलटलेल्या, भाड्याच्या खोलीत राहून नोकरी केलेल्या प्राध्यापकाला वाटत नाही. ही कादंबरिका निघाली त्यानंतर चौदा वर्षांनी, १८९६ मध्ये, फोबूर मोंमार्त्र रस्त्यावर शार्तिए बंधूंचा बुयों उघडला. तो अजून चालू आहे आणि १९८९ पासून त्याची संरक्षित वास्तूंत नोंद आहे. त्याच्या दालनात क्रमांक घातलेले छोटे लाकडी खण आहेत. रोजच्या गिऱ्हाइकांनी आपापले हातरुमाल त्यांत ठेवायचे. फोलाँतँला हवे होते ते एवढेच असावे. आता त्या खणांचा तो उपयोग उरलेला नाही.

खुद्द बिस्त्रो या काळात काय होते? बहुतांशी दारूचा गुत्ता. मध्य फ्रान्समधल्या ओव्हेर्न्य या डोंगराळ, गरीब मुलखातून आलेली माणसे पॅरिसमध्ये कोळसा विकत. दुकानाच्या एका बाजूला कोळसा आणि दुसऱ्या बाजूला जस्ताच्या फळीवर वाइन. नवरा पोती वाहून नेई, बायको फळीमागे उभी राही आणि मागल्या चुलीवर काहीतरी शिजत ठेवी. पाहुणे आले तर त्यातलेच वाढायचे. घरगुतीपणाचा जो गंध आज बिस्त्रो या शब्दाला येतो तो या चुलीचा असावा. पण ती स्थलांतरितांची गरज होती, तिला कुणी शैली म्हणत नव्हते.

शैली ती झाली १९९२ मध्ये, आणि तीही थेट राजवाडी स्वयंपाकघरातून. प्लास द ला काँकोर्दवरचे क्रियों हे पॅरिसच्या सर्वांत डौलदार हॉटेलांपैकी एक. (आपण मराठीत खाण्याच्या जागेलाही हॉटेल म्हणतो, इथे राहण्याचेच अभिप्रेत आहे.) तिथले मुख्य आचारी क्रिस्तियाँ काँस्ताँ यांच्या हाताखाली तरुणांची एक तुकडी तयार झाली होती. आखाती युद्धानंतरच्या मंदीत महागड्या उपाहारगृहांची टेबले रिकामी पडू लागली होती. मिशलँ मार्गदर्शिकेच्या ताऱ्यांसाठी चिनी मातीची भांडी, चांदी, फुले आणि वाढप्यांचा ताफा बाळगायचा, तर तेवढे कर्ज डोक्यावर घ्यावे लागे. काँस्ताँच्या तुकडीतला ईव काम्दबोर्द बाहेर पडला आणि त्याने चौदाव्या विभागात, शहराच्या पार कडेला, जिथे भाडे कमी होते अशा जागी 'ला रेगालाद' उघडले. एकच ठरलेला दर, दाटीवाटीची टेबले, आणि बसल्याबरोबर समोर मांसाच्या तेरीनचे अख्खे भांडे, सोबत लोणच्याच्या काकड्या: हवे तेवढे कापून घ्या, भांडे मग शेजारच्या टेबलाकडे जाईल. फ्लिकोतोच्या 'पाव हवा तितका'ची आठवण यावी, असा हा प्रकार. फरक इतकाच, की ते तेरीन करणाऱ्या हातांनी क्रियोंमध्ये तालीम घेतली होती.

म्हणजे थाटातून वजाबाकी करून हा साधेपणा आला. खर्चाचा ताळेबंद मांडून ठरवण्यात आले, की चादर नको, चांदी नको, पण मासा ताजा हवा. आम्हाला ही वजाबाकी फार आदरणीय वाटते. ज्याला अलंकार येतात त्याने ते टाकणे आणि ज्याला येतच नाहीत त्याने साधे लिहिणे, यांतला भेद साहित्याच्या अभ्यासकाला समजावून सांगायला नको. पण अशा साधेपणाला 'लोकांचा' म्हणण्याची घाई करू नये.

त्याचे नामकरण समीक्षकानेच केले. २००४ मध्ये सेबास्तियाँ दमोराँ या पत्रकाराने 'बिस्त्रो' आणि 'गास्त्रोनोमी' यांचा जोडशब्द बनवला: बिस्त्रोनोमी. १८८४ च्या सुमारास गल्लीतून आलेला शब्द आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा विद्वत्ताप्रचुर शब्द यांची गाठ बारा वर्षांनी उशिरा बांधली गेली, कारण वस्तू आधी होती. त्याच सुमारास आलेक्साँद्र कामास यांची 'ल फूदिंग' ही मार्गदर्शिका मिशलँच्या गंभीर चेहऱ्याची टिंगल करीत लोकप्रिय होत होती. ग्रिमोचे परीक्षक मंडळ नव्या पोशाखात परतले, असेच आम्हाला वाटते.

यानंतरची वाट सरळ आहे, आणि थोडी खिन्न करणारी. २००६ मध्ये इनाकी ऐस्पितार्त याने 'ल शातोब्रियाँ' हाती घेतले. २०११ मध्ये बर्त्राँ ग्रेबो याने अकराव्या विभागात शारोन रस्त्यावर 'सेप्तीम' उघडले. उघडे लाकूड, काचेला पडदे नाहीत, भाज्यांना मांसाइतकाच मान. नाव घेतले ते १९६६ च्या 'ल ग्राँ रेस्तोराँ' या विनोदी चित्रपटातल्या, लुई द फ्युनेसने रंगवलेल्या तापट मालकावरून. जुन्या थाटाची थट्टा त्या नावातच आहे. २०१४ मध्ये सेप्तीमला मिशलँचा तारा मिळाला. आज तिथे बसायचे तर कित्येक दिवस आधी जागा राखून ठेवावी लागते. दिदरोला आवडलेली गोष्ट, म्हणजे हव्या त्या वेळी जाऊन जेवणे, नेमकी तीच इथून नाहीशी झाली. २०१७ मध्ये तर मिशलँने 'ल फूदिंग'मध्येच भागीदारी विकत घेतली.

मोकळेपणा जिथे संपतो ते स्वयंपाकघराचे दार आहे. ऑर्वेलने १९३३ च्या आपल्या पहिल्या पुस्तकात पॅरिसच्या भांडी घासणाऱ्याचे, 'प्लाँजर'चे, जे जग दाखवले, ते बदलले असले तरी संपलेले नाही. बाहेर गिऱ्हाइकाला वाढपी सलगीने बोलतो. आत मालीहून, श्रीलंकेहून आलेली माणसे उभी असतात. उत्तर पॅरिसच्या ला शापेल भागात तमिळ दुकानांची जी रांग आहे, तिथल्या कुटुंबांतल्या कित्येकांची पॅरिसमधली पहिली नोकरी अशाच एखाद्या मोरीपाशी सुरू झाली. २००८ मध्ये कागदपत्रे नसलेल्या कामगारांनी पॅरिसमधल्या उपाहारगृहांत संप केले, तेव्हा जेवायला बसणाऱ्यांपैकी अनेकांना आपले जेवण कोण रांधते हे प्रथमच कळले. आणि २०१४ मध्ये घरी शिजवलेल्या अन्नासाठी 'फे मेझों' अशी सरकारी खूण आणावी लागली, यावरून उरलेल्या असंख्य साध्यासुध्या बिस्त्रोंत तयार पाकिटे किती फोडली जात होती, याचा अंदाज यावा.

तरीही या टेबलांना केवळ सोंग म्हणून सोडून देणे आम्हाला जमत नाही. १३ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री दहाव्या आणि अकराव्या विभागांतल्या कॅफे-बिस्त्रोंच्या फुटपाथवरच्या टेबलांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा तिथे मित्रमैत्रिणींबरोबर शुक्रवारची संध्याकाळ घालवणारी माणसे बसली होती. काही दिवसांतच लोकांना बिस्त्रोत परत या अशी हाक देण्यात आली आणि लोक आले. साधेपणा मिरवायला म्हणून त्या दिवशी कुणी आले नसावे. अनोळखी माणसांच्या शेजारी बसून जेवणे ही सार्वजनिक गोष्ट आहे, हे त्यांना माहीत होते.

२०१७ साली पिगाल भागात एक नवा बुयों निघाला आणि २०२१ मध्ये त्याच मंडळींनी प्लास द ला रेप्युब्लिकजवळ दुसरा काढला. शेकडो खुर्च्या, जुने पदार्थ, अंडे-मेयोनीज दोन युरोंच्या आसपास. द्युव्हालची व्यवस्था, म्हणजे मोठी खरेदी, थोडे पदार्थ आणि भराभर उलटणारी टेबले, तीच पुन्हा. त्यांच्या आधीचा शार्तिए तर फोबूर मोंमार्त्रवर होताच. तिथे वाढपी अजूनही कागदी चादरीवरच पेनाने बेरीज मांडतो, आणि गर्दी असली की दोघांना चौघांच्या टेबलावर अनोळखी माणसांसमोर बसवून मोकळा होतो. दिदरो ज्या पंगतीतून उठून गेला होता, तिथेच जागा मिळावी म्हणून लोक आवारात रांग लावून उभे असतात.